दोन चाकांची ओढ, चार चाकांची किंमत

1999 च्या एप्रिलमध्ये स्पेनच्या कातालुन्या रॅलीत आणि पाठोपाठ मे महिन्यात कॉर्सिका बेटावर फ्रेंच चालक फिलिप बुगाल्स्की पहिला आला. त्याची सित्रोएन क्सारा किट कार बिनटर्बोची, दोन लिटरची आणि फक्त पुढच्या चाकांवर ओढली जाणारी. मागे राहिल्या त्या जागतिक रॅलीतल्या टर्बो, फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या. कॉर्सिकात तर दुसरा क्रमांकही क्साराचाच होता.

हे घडलं कोरड्या डांबरावर, आणि त्याचं मुख्य कारण वजन. चारही चाकांना ताकद द्यायची म्हणजे लांब प्रोपेलर शाफ्ट, मधला डिफरन्शियल (चाकांमध्ये जोर वाटणारी दातेरी यंत्रणा), मागचा डिफरन्शियल असा सगळा लवाजमा आला. हे जादा वजनही प्रत्येक वळणाआधी ब्रेकने आवरावं लागतं. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांचे चारही चाकांवर लागतात. तिथे फोर-व्हील ड्राइव्हसाठी जादा पैसे मोजून काहीच हाती लागत नाही. गाडी घेणाऱ्याला ही गोष्ट क्वचितच कुणी सांगतं.

किट कार ही शर्यतीचीच गाडी. हलकी गाडी आणि पुढच्या चाकांची ओढ हाच विचार सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात होंडाने आणला, 1995 च्या इंटिग्रा टाइप आरमध्ये. जपानमध्ये तिची किंमत सुमारे 22 लाख येन होती. त्याच वर्षीच्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांपैकी मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन तीस लाखांच्या घरात आणि निसान स्कायलाइन जीटी-आर 48 लाखांच्या आसपास. इंटिग्राच्या 1.8 लिटर इंजिनातून टर्बोशिवाय 200 अश्वशक्ती निघे, तीही मिनिटाला 8000 फेऱ्यांना. इंजिनाचे पोर्ट कारागीर हाताने घासून गुळगुळीत करत. वजन कमी करायला आवाज दाबणारे थर काढले, पुढची काचसुद्धा पातळ केली. मला या गाडीतलं सर्वांत मोलाचं वाटतं ते मात्र डोळ्यांना दिसतच नाही: पुढच्या चाकांमधला हेलिकल डिफरन्शियल.

पुढच्या टायरांवर दुहेरी काम असतं, वळायचं आणि ओढायचंही. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की भार मागे सरकतो, आतलं चाक हलकं होऊन जागीच फिरू लागतं आणि गाडी बाहेर पळते. हेलिकल डिफरन्शियलचे दाते अशा वेळी पकड असलेल्या बाहेरच्या चाकाकडे जास्त जोर वळवतात, त्यामुळे गाडीचं नाक वळणात खेचलं जातं. अर्थात पकड मुळातच नसेल तर तोही फार काही करू शकत नाही.

तिथे लान्सर इव्होल्यूशनचं राज्य सुरू होतं. रॅलीचालक टॉमी मॅकिनेनने तिच्या जोरावर 1996 ते 1999 सलग चार जगज्जेतेपदं मिळवली. बर्फ, खडी, चिखल यांवर दोनच चाकांवर ओढली जाणाऱ्या गाडीने तिची बरोबरी करणं अवघडच. हिंदुस्तान मोटर्सने 1998 पासून आपल्याकडे विकलेली लान्सर याच घराण्यातली, पण ती पुढच्या चाकांवरच चालायची. त्या काळच्या आपल्या शहरी रस्त्यांना तेवढं पुरेसं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सित्रोएननेही हिशेब नीट मांडला. वर्षभराच्या स्पर्धेत स्वीडनचा बर्फही येतो आणि केनियाची मातीही. जगज्जेतेपद हवं म्हणून कंपनीने क्साराला टर्बो आणि फोर-व्हील ड्राइव्ह दिली. 2004, 2005 आणि 2006 ची जगज्जेतेपदं चालक सेबास्तियाँ लोएबने त्याच गाडीतून जिंकली.