थॉमस किलस्ट्रॉम : दुहेरीचा खेळाडू

ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धेतील पुरुष दुहेरीच्या विजेत्यांची यादी 1971 पासून वाचायला घेतली, की आधी मलेशिया भेटतो आणि मग इंडोनेशिया पान अडवून बसतो. ख्रिस्तियन हादिनाता आणि आदे चंद्रा 1972 आणि 1973 मध्ये जिंकले. त्यांच्यामागून चुन चुन आणि योहान वाहयुदी आले आणि 1974 ते 1980 या सात वर्षांत सहा वेळा विजेते झाले. उरलेले एक वर्ष 1976. त्या वर्षापुढे दोन स्वीडिश नावे आहेत : बेंग्ट फ्रोमन आणि थॉमस किलस्ट्रॉम. पुढे 1983 मध्ये पुन्हा स्वीडन दिसतो, या वेळी स्टेफान कार्लसन आणि थॉमस किलस्ट्रॉम. 1971 ते 1985 या पंधरा वर्षांत युरोपातल्या जोडीला हे विजेतेपद दोनदाच मिळाले. दोन्ही वेळा जोडीत किलस्ट्रॉम होता.

एवढे करूनही हे नाव बॅडमिंटनवेड्यांच्या तोंडी पटकन येत नाही, याची हळहळ वाटते. त्यात त्याच्या वेळेचाही दोष आहे. 1976 मध्ये वेंब्लीला भरलेल्या त्याच ऑल इंग्लंड स्पर्धेत इंडोनेशियाच्या रुडी हार्टोनोने एकेरीचे आठवे विजेतेपद मिळवले आणि इंग्लंडच्या गिलियन गिल्क्सने एकेरी, महिला दुहेरी, मिश्र दुहेरी अशा तिन्ही प्रकारांत बाजी मारली. इतिहासकारांच्या लेखी 1976 हे या दोघांचे वर्ष. मायदेशी तरी कौतुक व्हावे, तर जुलैमध्ये टेनिसपटू बियॉन बोर्ग पहिल्यांदा विम्बल्डन जिंकला आणि स्वीडनला रॅकेटचा दुसरा नायक शोधण्याची गरजच उरली नाही.

किलस्ट्रॉमचा जन्म डिसेंबर 1948 चा. त्याच्या खेळाबद्दल सांगितले जाते ते एकच : पक्केपणा. हातून चूक सहसा होत नसे. आजच्या वाचकाला हे फिके वाटेल, म्हणून त्या काळची गुणपद्धत आठवायला हवी. गेम 15 गुणांचा असे आणि गुण मिळे तो फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूला. दुसऱ्याच्या सर्व्हिसवर रॅली जिंकली, तर गुण नाही, नुसती सर्व्हिस हिसकावून घेता येई. त्यातही दुहेरीत गेमच्या पहिल्या पाळीचा अपवाद सोडला, तर जोडीतल्या दोघांनाही आळीपाळीने सर्व्हिस मिळे. म्हणजे एकाची गेल्यावर दुसऱ्याची घालवायची, मग कुठे गुण मिळवण्याची संधी. अशा खेळात बराच वेळ झुंजूनही गुणफलक जागचा हलत नसे. आखूड सर्व्हिस नेटवर जराशी उंच गेली की समोरचा झडप घालतो. शटल उचलून द्यावे लागले की वरून स्मॅश येतो. इंडोनेशियाच्या जोड्या या दोन्ही ठिकाणी विजेसारख्या होत्या. त्यांच्याइतका वेग नसलेल्याने काय करावे? सर्व्हिस सपाट ठेवावी, आलेला स्मॅश शांतपणे परत करावा आणि फुकटची पाळी कधीच देऊ नये.

माझ्या मते या गुणाचा खरा लाभ जोडीदाराला होतो. आपला माणूस शटल कुठे आणि कसे परत करणार, हे ठाऊक असले की जोडीदार अर्धे पाऊल आधी निघतो, आणि दुहेरीत ते अर्धे पाऊलच निर्णायक असते. हे मी म्हणतो त्याला आधार आहे तो किलस्ट्रॉमच्या जोडीदारांच्या यादीचा. फ्रोमनबरोबर 1976 नंतर पुढच्याच वर्षी माल्मोला भरलेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत, घरच्या प्रेक्षकांसमोर, कांस्यपदक. 1981 मध्ये अमेरिकेतील सँटा क्लारा येथील पहिल्या वर्ल्ड गेम्समध्ये गिल्क्सबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण. मग कार्लसन. आणि मग नोरा पेरी.

पेरी ही त्या काळची मिश्र दुहेरीची सम्राज्ञी. माइक ट्रेजेटबरोबर तिने 1978, 1980 आणि 1981 मध्ये ऑल इंग्लंड जिंकली होती. मिश्र दुहेरीची रूढ मांडणी अशी, की बाई पुढे नेटपाशी आणि पुरुष मागे. मागच्याने रेषेपासून रेषेपर्यंत धावायचे, पण शटल असे मारायचे की त्याचे उत्तर पुढच्या जोडीदाराच्या आवाक्यात यावे. स्मॅश मारून स्वतःच रॅली संपवण्याचा मोह इथे आवरावा लागतो. नेटवर पेरी असताना किलस्ट्रॉमसारखा माणूस मागे असणे, यापेक्षा प्रतिस्पर्ध्याला अधिक जाचक काय असेल!

1983 च्या मार्चमध्ये, वयाच्या 34 व्या वर्षी, किलस्ट्रॉमने वेंब्लीत कार्लसनबरोबर पुरुष दुहेरी आणि पेरीबरोबर मिश्र दुहेरी अशी दोन्ही विजेतेपदे पटकावली. आदल्याच वर्षी मलेशियाच्या रझीफ आणि जलानी या सिडेक बंधूंनी पुरुष दुहेरी जिंकली होती. अशा तरुण, झपाट्याच्या जोड्यांचा तो जमाना. दोन प्रकार म्हणजे दुप्पट सामने, आणि दर वेळी वेगळ्या मांडणीत शिरायचे. एकदा दोन पुरुषांचा आडवा, वेगवान मारा, तर एकदा मागची सगळी बाजू एकट्याने सांभाळायची. मेमध्ये कोपनहेगनला जागतिक स्पर्धा झाली. मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात समोर स्टीन फ्लॅडबर्ग आणि पिया निल्सन ही डॅनिश जोडी होती, आणि अर्थात प्रेक्षकही डॅनिश. फ्लॅडबर्गने त्याच स्पर्धेत येस्पर हेलेडीबरोबर पुरुष दुहेरीचे सुवर्ण जिंकले, यावरून तो किती बहरात होता ते कळते. त्याला त्याच्याच देशात हरवून किलस्ट्रॉम आणि पेरी जगज्जेते झाले. माझ्या दृष्टीने त्याच्या कारकिर्दीतली ही सर्वांत मोठी कामगिरी.

दुहेरीच्या नशिबी येणारी ही उपेक्षा आपल्याकडेही फारशी वेगळी नव्हती. प्रकाश पदुकोण 1980 मध्ये डॅनिश ओपन, स्वीडिश ओपन आणि ऑल इंग्लंड ओळीने जिंकला, ते सर्वांना पाठ आहे. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये आपल्या प्रदीप गंधेने लेरॉय डिसाबरोबर पुरुष दुहेरीचे कांस्य मिळवले, ते किती जणांना आठवते? मुंबईच्या चिराग शेट्टीने सात्विकसाईराज रंकीरेड्डीबरोबर आता हे चित्र पालटले आहे.

किलस्ट्रॉमला ऑलिम्पिक मिळालेच नाही. 1972 च्या म्युनिकमध्ये बॅडमिंटन होते, पण प्रदर्शनीय खेळ म्हणून. पदकांसाठीचे बॅडमिंटन 1992 मध्ये बार्सिलोनाला आले, आणि तेव्हाही मिश्र दुहेरी वगळलेलीच होती. ती 1996 मध्ये अटलांटाला आली, तेव्हा किलस्ट्रॉम 47 वर्षांचा होता.