ब्रेड कापायची घाई कशाला?

भट्टीतून नुकत्याच निघालेल्या ब्रेडचा वास आला, की धीर धरवतो का कुणाला? मलाही नाही धरवला. गोंदियात एकदा संध्याकाळी पाहुणे आले. मी धावत जाऊन गरमागरम अख्खा ब्रेड आणला आणि भाजी चिरायच्या सुरीने दाबून कापायला गेले. झालं! ब्रेड चपटा, साल फाटलेली आणि आतला मऊ भाग सुरीला चिकटलेला. पाहुण्यांपुढे स्लाइस नव्हे, गोळेच ठेवावे लागले.

आई म्हणाली, "अगं, गरम भात कधी ढवळतो का आपण?"

गोंदिया म्हणजे धानाचा मुलूख, तेव्हा भाताची गोष्ट तुम्हाला सांगायला नको. वाफाळता भात ढवळला की त्याचा गिचका होतो. तोच निवला की शितं सुटी होतात; म्हणून तर फोडणीच्या भाताला रात्रीचा भात हवा. ब्रेडमध्येही तेच घडतं. तांदळात असतो तसा स्टार्च, म्हणजे पिष्ट, गव्हातही असतो. पाणी आणि उष्णता मिळाली की तो फुगून लिबलिबीत होतो, आणि निवताना घट्ट बसतो. भट्टीतून काढलेला ब्रेड आतून ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो. म्हणजे बाहेरून खरपूस दिसला तरी आतून तो अजून तयार होतच असतो! तेव्हा जाळीवर ठेवून दीड-दोन तास चक्क विसरून जा. ताटात ठेवाल तर वाफेने बूड ओलं होईल.

आता सुरी. धान कापायचा दातेरी विळा पाहिलाय ना? गुळगुळीत काडीवरून तो घसरत नाही, दाते पकड घेतात. ब्रेडलाही तशीच लांब, दातेरी सुरी लागते. दाबायचं नाही, करवतीसारखं हलक्या हाताने मागेपुढे करायचं. वरची फुगीर साल दबत असेल तर ब्रेड कुशीवर आडवा करा. धरलेल्या हाताची बोटं आत वळवलेली हवीत, आणि लहानांनी हे काम आई-बाबा शेजारी असतानाच करायचं, बरं का!

हा खटाटोप वाचवण्यासाठी अमेरिकेतल्या ऑटो रोहवेडर नावाच्या जवाहिऱ्याने स्लाइस पाडणारं यंत्र करायला घेतलं. १९१७ मध्ये आगीत यंत्र आणि आराखडे जळाले. गडी हटला नाही. ७ जुलै १९२८ रोजी मिसुरी राज्यातल्या चिलिकॉथी गावात यंत्राने कापलेला ब्रेड विकायला आला. कापलेला ब्रेड लवकर वाळतो, म्हणून तो कागदात गुंडाळावा लागे. पुढे महायुद्धात, जानेवारी १९४३ मध्ये, अमेरिकेच्या सरकारने कापलेल्या ब्रेडवर बंदीच घातली! गृहिणी अशा चिडल्या, की मार्चमध्ये ती उठवावी लागली.

तुम्हीही लागेल तेवढाच ब्रेड कापा. उरलेला कापलेल्या बाजूवर पालथा ठेवून फडक्यात गुंडाळा. आणि चुरा? तो कटलेटला लावायला आईकडे द्या.