गुन्हेसंज्ञांचे भाषांतर, स्पॅनिश–इंग्रजी

स्पेनमध्ये गुन्ह्याच्या तपासाबाबत पोलीस जो लेखी अहवाल तयार करतात, त्यास ‘आतेस्तादो’ म्हणतात. १८८२ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यानुसार त्याचे स्थान फिर्यादीसारखे असते. हा अहवाल इंग्रजीत आणताना कोशातील प्रतिशब्द पुरत नाहीत. कारण सारख्या दिसणाऱ्या संज्ञांमागील कायदे भिन्न आहेत आणि संज्ञा चुकल्यास आरोपाचे स्वरूपच बदलते.

‘उर्तो’ व ‘रोबो’ यांतील भेद याचे ठळक उदाहरण होय. १९९५ च्या स्पॅनिश दंडसंहितेप्रमाणे परक्याची जंगम वस्तू लाभाच्या हेतूने, मालकाच्या संमतीवाचून, पण बळ न वापरता नेणे म्हणजे उर्तो. इंग्रजी ‘थेफ्ट’ त्यास बहुतांशी जुळतो. रोबोमध्ये मात्र व्यक्तीवर हिंसा वा धाक, अथवा कुलूप, दार, खिडकी इत्यादींची मोडतोड असावी लागते. पहिल्या प्रकारास ‘रॉबरी’ चालतो, दुसऱ्यास नाही. रॉबरीतील बळ नेहमी व्यक्तीविरुद्धच असते. ‘बर्गलरी’ही येथे अपुरा पडतो. इंग्लंडच्या १९६८ च्या थेफ्ट ॲक्टनुसार त्यासाठी इमारतीत किंवा राहत्या वाहनात वा नौकेत अनधिकृत प्रवेश घडावा लागतो. उभ्या मोटारीची काच फोडून पिशवी लांबविणे हा स्पेनमध्ये रोबो होय. त्याचे ‘मोटार फोडून केलेली चोरी’ असे वर्णनात्मक भाषांतर करणेच श्रेयस्कर. मेक्सिकोच्या संघीय दंडसंहितेत तर साध्या चोरीसही रोबो म्हणतात. त्यामुळे अहवाल कोणत्या देशाचा, हे प्रथम पाहावे लागते.

मनुष्यवधाच्या संज्ञा अधिक फसव्या आहेत. ‘ओमिसिदियो’ (कलम १३८) हा सौम्य गुन्हा समजून त्यास ‘मॅनस्लॉटर’ म्हटले जाते. परंतु हेतुपूर्वक केलेला वध त्यात येतो व इंग्लंडमध्ये तो सामान्यतः ‘मर्डर’ ठरतो. ‘आसेसिनातो’ (कलम १३९) हे त्याचे गंभीर रूप असून मोबदला, क्रौर्य किंवा ‘आलेवोसिया’ यांसारख्या बाबींनी ते सिद्ध होते. आलेवोसिया म्हणजे बळीला प्रतिकाराची संधीच राहू नये अशा रीतीने केलेला हल्ला. त्याचा ‘पूर्वनियोजन’ असा रूढ अनुवाद चुकीचा आहे.

संशयितासाठी वापरला जाणारा ‘इम्पुतादो’ हा शब्द २०१५ च्या दुरुस्तीने तपासाच्या टप्प्यापुरता काढून त्याजागी ‘इन्वेस्तिगादो’ (ज्याची चौकशी चालू आहे तो) हा शब्द योजण्यात आला. त्यास इंग्रजीत ‘अक्यूज्ड’ म्हणणे म्हणजे दोषारोप होण्यापूर्वीच त्या व्यक्तीस आरोपी ठरविणे होय. जाणकार भाषांतरकार अशा ठिकाणी मूळ संज्ञा व कलमाचा क्रमांक कायम ठेवून पुढे अर्थ देतात.