आजीला काय खायला देणार?

छोटं हॉटेल काढायचंय ना? मग आधी एका रविवारी संध्याकाळी डोंबिवलीच्या फडके रोडला जरा उभे राहा. आजी, आई-बाबा, दोन मुलं असं अख्खं घर फिरायला निघालेलं असतं. एखाद्या दारात मेनू बघून आजी म्हणते, "सगळंच तिखट गं!" झालं, पाचही जण पुढे. माणशी १५० धरले तरी ७५० रुपयांचं बिल गेलं, आणि तेही एका आजीमुळे.

आता ठाण्याची मामलेदार मिसळ बघा. मामलेदार कचेरीजवळची, म्हणून हे नाव. ओळख जाळ तिखटाची, पण कमी तिखट आणि मध्यमही मिळते. फिलिपिन्सची जॉलिबी १९७५ साली आइस्क्रीम पार्लर म्हणून सुरू झाली. तिथली स्पॅगेटी चक्क गोड असते! इटालियन माणूस कपाळाला हात लावेल, पण पोरं खूश, म्हणजे घर आत.

तुम्ही काय कराल? तर्री वेगळ्या पातेल्यात ठेवा. संकष्टीला साबुदाणा खिचडी करा, कारण उपवास एकाचा असला तरी अडतो सगळा ग्रुप. मात्र यासाठी मेनू ऐंशी पदार्थांचा करू नका हं, माल वाया जाईल. दोन-तीन पदार्थ पुरतात.