एकाच वंशाचे उंदीर, पण फिट वेगळी! अपस्माराच्या संशोधनात पुरवठादार का महत्त्वाचा?

जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार आहे. त्यातल्या जवळपास एक तृतीयांश रुग्णांच्या फिट औषधांनी पूर्ण थांबत नाहीत. नवं औषध माणसाला देण्याआधी बहुतेक वेळा उंदरांवर तपासलं जातं. पण उंदीर कुणाकडून विकत घेतले, यावरही निकाल बदलू शकतो. तो कसा?

सगळे उंदीर सारखेच नसतात का?

प्रयोगशाळांमध्ये 'ब्लॅक-6' या काळ्या उंदराचा वापर खूप होतो. पिढ्यान् पिढ्या भावंडांमध्येच प्रजनन केल्यामुळे हे उंदीर जवळपास जुळ्यांसारखे असतात. मात्र 1951 मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीतून काही उंदीर एनआयएच या सरकारी संस्थेकडे गेले. तिथून '6-जे' आणि '6-एन' अशा दोन शाखा झाल्या आणि प्रत्येकीत वेगळे जनुकीय बदल साचत गेले.

त्याचा फिटशी काय संबंध?

'गाबा' हे रसायन मेंदूतल्या पेशींना ब्रेक लावण्याचं काम करतं. हा संदेश घेणाऱ्या यंत्रणेतलं एक प्रथिन 6-जे उंदरांच्या मेंदूत कमी बनतं. 2009 मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या संशोधकांनी ब्लॅक-6 च्या वेगवेगळ्या शाखांना फिट आणणारं पायलोकार्पिन दिलं, तेव्हा त्यांचा प्रतिसाद सारखा नव्हता.

फरक फक्त जनुकांचा आहे का?

नाही, पोटातले जीवाणूही वेगळे असतात. टॅकोनिक कंपनीच्या उंदरांच्या आतड्यात सापडलेला एक जीवाणू जॅक्सनच्या उंदरांमध्ये नव्हता, हे 2009 मध्ये दिसलं. पुढे 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधनात दिसलं की, कीटो आहारामुळे उंदरांना फिटपासून मिळणारं संरक्षण आतड्यातल्या जीवाणूंवर अवलंबून असतं.

मग गोंधळ कुठे होतो?

समजा, जनुक बदललेले उंदीर एका कंपनीचे आणि तुलनेसाठीचे साधे उंदीर दुसऱ्या कंपनीचे घेतले. फिट कमी-जास्त झाल्या, तर कारण ते जनुक की कंपनी, हे कळणारच नाही. त्यामुळे औषधाच्या शोधाची दिशाच चुकू शकते.

उपाय काय?

तुलना एकाच वेतातल्या पिल्लांमध्ये करायची. शोधनिबंधात शाखेचं पूर्ण नाव आणि पुरवठादार लिहायचा. शक्य असेल तर तोच प्रयोग दुसऱ्या वंशावर करून बघायचा.

हा फरक कधीकधी उपयोगीही पडतो. ड्राव्हे सिंड्रोम या लहान मुलांच्या गंभीर अपस्मारामागचा जनुकदोष '129' या वंशाच्या उंदरांना फारसा त्रास देत नाही. त्यांचा ब्लॅक-6 शी संकर केला की मात्र पिल्लांना तीव्र फिट येतात आणि अनेक लवकर दगावतात. '129' वंशाला नेमकं काय वाचवतं, याच्या शोधातून उपचाराची वाट सापडू शकते.

म्हणून 'उंदरांवरचा प्रयोग यशस्वी' अशी पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: उंदीर कोणते आणि कुठले?