युवा हिवाळी ऑलिंपिकचे निकाल कसे वाचावेत?

वडोदरा शहराच्या दक्षिण भागातील तरसाली ही वस्ती एकेकाळी स्वतंत्र गाव म्हणून ओळखली जात असे. आता ती महानगराचा एक भाग झाली आहे. उत्तर अक्षांश सुमारे २२ अंशांवर असलेल्या या परिसरात हिवाळ्यातील थंडी सुखद असते, परंतु पाणी गोठून बर्फ होण्याइतकी ती कधीच नसते. गायकवाडांच्या राजवटीपासून वडोदऱ्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना क्रिकेटचा धावफलक वाचण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. १९४६-४७ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात विजय हजारे व गुल महंमद यांनी बडोद्याच्या संघासाठी चौथ्या गड्याकरिता ५७७ धावांची भागीदारी केली, हे तेथील जुन्या क्रीडाप्रेमींना आजही तोंडपाठ असते. मात्र जगातील किशोरवयीन मुलामुलींच्या बर्फावरील स्पर्धांचे निकाल समोर आले, तर तोच वाचक गोंधळून जातो. त्यातील आकडे, संक्षिप्त अक्षरे आणि संघांची नावे त्याच्या परिचयाची नसतात.

ही अडचण तरसालीपुरती मर्यादित नाही. दख्खनच्या पठारावरील, कोकणातील किंवा विदर्भातील वाचकासही ती जाणवते. परिणामी वृत्तपत्रातील एखादी त्रोटक ओळ वाचून ‘आपले खेळाडू मागे पडले’ एवढाच निष्कर्ष काढला जातो व विषय तेथेच संपतो. वस्तुतः निकालपत्रक नीट वाचता आले, तर खेळाडूची खरी प्रगती किती झाली व पुढे काय करणे आवश्यक आहे, हे दोन्ही समजून येते. या दृष्टीने सदर विषयाची थोडक्यात माहिती येथे दिली आहे.

स्पर्धेचे स्वरूप

युवा हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा दर चार वर्षांनी भरते. पहिली स्पर्धा १३ ते २२ जानेवारी २०१२ या काळात ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे झाली. दुसरी २०१६ मध्ये नॉर्वेतील लिलेहामर येथे, तिसरी २०२० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे व चौथी १९ जानेवारी ते १ फेब्रुवारी २०२४ या काळात दक्षिण कोरियातील गँगवॉन प्रांतात पार पडली. पाचव्या स्पर्धेचा मान २०२८ साठी इटलीस देण्यात आला आहे.

या स्पर्धेत साधारणतः १४ ते १८ वर्षे वयाचे खेळाडू भाग घेतात. प्रत्येक क्रीडाप्रकारासाठी जन्मवर्षाची मर्यादा आधी जाहीर केली जाते. त्यामुळे येथे जन्मतारखेच्या दाखल्याचे महत्त्व असाधारण आहे. आपल्याकडे १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमान्वये जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते. ही साधी नोंद वेळेवर व अचूक झाली नाही, तर पुढे गुणी मुलासही वयोगटाच्या स्पर्धेत प्रवेश मिळविताना अडथळा येऊ शकतो. ग्रामपातळीवरील कर्मचाऱ्यांनी ही बाब विशेषत्वाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आणखी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. इन्सब्रुक येथे १९६४ व १९७६ मध्ये, लिलेहामर येथे १९९४ मध्ये आणि गँगवॉन प्रांतातील प्योंगचांग येथे २०१८ मध्ये मोठ्यांची हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा झाली होती. तेव्हा उभारलेली मैदाने व मार्ग युवकांच्या स्पर्धेसाठी पुन्हा उपयोगात आणले गेले. एकदा केलेला खर्च पुढील पिढीच्या उपयोगी पडावा, हे धोरण त्यामागे आहे.

घड्याळाचा हिशेब

निकाल अनुसरू इच्छिणाऱ्याने प्रथम वेळेचा फरक जाणून घ्यावा. हिवाळ्यात ऑस्ट्रिया, नॉर्वे, स्वित्झर्लंड व इटली या देशांची घड्याळे भारताच्या साडेचार तास मागे असतात. तेथे सकाळी १० वाजता सुरू होणारी शर्यत आपल्याकडे दुपारी अडीच वाजता सुरू होते. उलटपक्षी कोरियाचे घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे आहे. तेथील सकाळी १० ची शर्यत तरसालीत पहाटेनंतर साडेसहा वाजताच सुरू झालेली असते. सायंकाळी शाळा सुटल्यावर निकाल पाहू म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास कोरियातील त्या दिवसाचे बहुतेक सर्व निकाल तयार मिळतात, तर युरोपातील काही स्पर्धा तेव्हा अजून चालू असतात.

सेकंदाचे भाग

पर्वताच्या उतारावरून रोवलेल्या खांबांमधून वळणे घेत उतरण्याच्या शर्यतीस स्लालम म्हणतात. खांबांमधील अंतर अधिक ठेवले की ती जायंट स्लालम होते. या शर्यतींत प्रत्येक खेळाडू दोनदा उतरतो व दोन्ही वेळांची बेरीज करून क्रम ठरतो. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते. पाठीवर झोपून, पाय पुढे करून छोट्या घसरगाडीवरून गोठलेल्या नळीसारख्या मार्गाने खाली येण्याच्या ल्यूज या खेळात तर सेकंदाचा हजारावा भाग मोजावा लागतो.

बायथलॉनमध्ये बर्फावरील धाव व नेमबाजी एकत्र असतात. नेम चुकल्यास खेळाडूस दंड म्हणून जादा फेरी मारावी लागते किंवा त्याच्या वेळेत भर घातली जाते. म्हणून वेगाने धावणारा खेळाडूही निकालात खाली दिसू शकतो. स्की-उडीत अंतराबरोबर शैलीलाही गुण असतात. पाच परीक्षकांपैकी सर्वांत जास्त व सर्वांत कमी गुण देणाऱ्यांचे गुण वगळले जातात आणि उरलेल्या तिघांचे धरले जातात.

निकालपत्रकाच्या शेवटी काही नावांपुढे क्रमांकाऐवजी रोमन अक्षरे दिसतात. ‘डीएनएफ’ म्हणजे शर्यत पूर्ण झाली नाही, ‘डीएनएस’ म्हणजे खेळाडू शर्यतीस उतरला नाही आणि ‘डीएसक्यू’ म्हणजे नियमभंगामुळे तो बाद ठरला. या तिन्हींचा अर्थ अगदी भिन्न आहे. स्लालममध्ये एक खांब चुकला तरी शर्यत अपूर्ण ठरते, आणि असे प्रसंग जगातील नामांकित खेळाडूंवरही येतात. त्यामुळे ‘अपूर्ण’ या नोंदीस नापासाचा शिक्का समजणे योग्य नव्हे.

क्रमांकापेक्षा अंतर महत्त्वाचे

निकाल वाचताना सर्वाधिक चूक होते ती केवळ क्रमांक पाहण्याची. उदाहरणादाखल असे समजू की, एका मुलीने पहिला उतार ५२.४० सेकंदांत व दुसरा ५३.१५ सेकंदांत पार केला. तिची एकूण वेळ १०५.५५ सेकंद झाली. विजेतीची वेळ ९८.१० सेकंद असल्यास फरक ७.४५ सेकंदांचा, म्हणजे विजेतीच्या वेळेच्या सुमारे ७.६ टक्के इतका होतो. ती मुलगी चाळिसावी आली असेल. परंतु आदल्या वर्षी हाच फरक १२ टक्के असेल, तर तिने लक्षणीय मजल मारली आहे, हे उघड आहे. क्रमांक हा इतर किती जण आले यावर अवलंबून असतो. वेळेतील अंतर मात्र खेळाडूच्या स्वतःच्या वाटचालीचा पुष्कळ अधिक भरवशाचा पुरावा देते. एका मार्गाचा उतार दुसऱ्यासारखा नसल्याने नुसत्या वेळांची तुलना न करता टक्केवारीची तुलना करणे इष्ट ठरते.

देश नसलेले संघ

लोझान येथील २०२० च्या स्पर्धेत आइस हॉकीच्या तीन-तीन खेळाडूंच्या सामन्यांसाठी निरनिराळ्या देशांच्या मुलांचे मिश्र संघ करण्यात आले व त्यांना रंगांची नावे देण्यात आली. निकालात ‘हिरवा संघ’ असे वाचून हा कोणता देश, असा प्रश्न अनेकांस पडणे स्वाभाविक होते. असा संघ विजयी झाल्यास ते पदक कोणत्याही एका देशाच्या खात्यात जात नाही. ते ‘मिश्र राष्ट्रे’ या स्वतंत्र नोंदीखाली दाखविले जाते. इन्सब्रुक येथे २०१२ मध्ये कर्लिंगच्या मिश्र दुहेरीतही दोन देशांचे दोन खेळाडू एकत्र खेळले होते.

स्पर्धा खेळाडूंमध्ये असते, राष्ट्रांमध्ये नसते, हे ऑलिंपिक सनदेचे मूळ सूत्र आहे. वृत्तपत्रांतील पदकतक्ते वाचकांच्या सोयीसाठी असतात. त्यांवरून एखाद्या देशाच्या युवकांची लायकी ठरविणे त्या सूत्राशी विसंगत होय.

उष्ण देशांचा धडा

‘जेथे बर्फ नाही तेथील मुलांनी या खेळांकडे पाहून काय करावयाचे?’ असा प्रश्न केला जातो. त्याचे उत्तर गँगवॉन येथील २०२४ च्या निकालांत आहे. मोनोबॉब, म्हणजे एका व्यक्तीने चालवावयाच्या बॉब-घसरगाडीच्या शर्यतीत मुलांमध्ये ट्युनिशियाच्या जोनाथन लुरिमी याने, तर मुलींमध्ये थायलंडच्या अग्नेसे कॅम्पेओल हिने रौप्यपदक मिळविले. एक देश उत्तर आफ्रिकेतील व दुसरा आपल्याप्रमाणेच मोसमी हवामानाचा. २०१८ च्या ऑलिंपिकनंतर प्योंगचांग येथे स्थापन झालेल्या वारसा प्रतिष्ठानाने बर्फ नसलेल्या देशांतील युवकांसाठी प्रशिक्षणाची जी योजना चालविली, तिचा लाभ या खेळाडूंना झाला. हवामान बदलता आले नाही, तरी प्रशिक्षणाची संधी देता येते, हे यावरून सिद्ध होते.

भारताची वाटचाल

हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे नाव प्रथम आले ते १९६४ मध्ये, इन्सब्रुक येथेच. जेरेमी बुजाकोव्स्की हे त्या वेळी भारताचे एकमेव प्रतिनिधी होते. पुढे हिमाचल प्रदेशातील शिवा केशवन हे १९९८ मध्ये नागानो येथे वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी ल्यूजमध्ये उतरले. युवकांची स्वतंत्र स्पर्धा तेव्हा अस्तित्वात नसल्याने त्यांस प्रौढ खेळाडूंशीच सामना करावा लागला. त्यांचा क्रमांक २८ वा होता. देशात ल्यूजचा मार्ग नसल्यामुळे त्यांनी घसरगाडीस चाके बसवून हिमालयातील डांबरी रस्त्यांवर सराव केला आणि १९९८ ते २०१८ या काळात सलग सहा हिवाळी ऑलिंपिक स्पर्धांत भाग घेतला.

मनालीजवळील आंचल ठाकूर हिने २०१२ च्या पहिल्या युवा हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लालम व जायंट स्लालम या शर्यतींत भारताचे प्रतिनिधित्व केले. त्यानंतर सहा वर्षांनी, जानेवारी २०१८ मध्ये, तुर्कस्तानात झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिने स्लालमचे कांस्यपदक मिळविले. आंतरराष्ट्रीय स्की स्पर्धेतील भारताचे ते पहिले पदक ठरले. २०१२ च्या निकालातील केवळ क्रमांक पाहून जो वाचक थांबला असेल, त्यास २०१८ चे पदक आकस्मिक वाटले असेल. त्यामागे सहा हिवाळ्यांचा सराव होता.

देशांतर्गतही प्रयत्न चालू आहेत. खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धा २०२० पासून भरविण्यात येऊ लागल्या. २०२४ च्या स्पर्धेत पदकतक्त्यात सैन्यदल व कर्नाटक यांच्या पाठोपाठ महाराष्ट्राचा संघ होता. कर्नाटक व महाराष्ट्र ही हिमरेषेपासून दूर असलेली राज्ये असून त्यांच्या यशात स्केटिंगचा वाटा मोठा आहे. शहरातील फरशीवर चाकांच्या स्केटवर तोल सांभाळावयास शिकलेले मूल पुढे बर्फावरील पात्यांकडे वळू शकते. त्यासाठी हिमालयात जन्म घ्यावा लागत नाही.

शाळांतून काय करता येईल

वडोदरा संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले व १९१० पासून ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास प्रारंभ केला. वाचनालयातील फलकावर बातम्या लिहिण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी अजूनही आहे. स्पर्धेच्या काळात त्याच फलकाचा एक कोपरा निकालांसाठी राखून ठेवता येईल. निकाल स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असतात. ते उतरवून घेताना विद्यार्थ्यांकडून पुढील नोंदी कराव्यात :

(१) स्पर्धेचे ठिकाण नकाशावर शोधून त्याचे अक्षांश लिहावेत व ते वडोदऱ्याच्या अक्षांशाशी ताडून पाहावेत.

(२) तेथील वेळेवरून भारतीय वेळ काढावी.

(३) विजेता व निवडलेला खेळाडू यांच्या वेळेतील फरक सेकंदांत व टक्क्यांत मांडावा.

(४) शर्यत पूर्ण न झालेल्यांची संख्या वेगळी लिहावी व त्याचे कारण चर्चेतून शोधावे.

या उपक्रमास कोणताही खर्च येत नाही. त्यातून दशांश अपूर्णांक, शेकडेवारी, भूगोल व क्रीडावृत्ती यांचे शिक्षण एकाच वेळी साधते.

वडोदऱ्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रा. माणिकराव यांनी कवायतीच्या आज्ञा इंग्रजीऐवजी भारतीय भाषेतून देण्याचा उपक्रम केला होता. समजलेली आज्ञाच शरीर नीट पाळते, हा त्यामागील विचार निकालांनाही लागू पडतो. आपल्या भाषेत समजलेला निकालच मनावर परिणाम करतो. तरसालीतील एखाद्या शाळेच्या फलकावर चाळिसाव्या क्रमांकाशेजारी ‘मागील वर्षापेक्षा फरक कमी झाला’ अशी एक ओळ लिहिली गेली, तर ती वाचणाऱ्या मुलास स्वतःच्या प्रगतिपुस्तकाकडेही वेगळ्या दृष्टीने पाहता येईल. ही दृष्टी मुलांना देणे शिक्षक, पालक व अधिकारी या सर्वांच्या हातचे आहे.