पाण्याचा कूलर की हवेचा?

पीसी बिल्ड करायचं ठरलं की पहिले दोन दिवस प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावरून वाद होतात. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर कुणीतरी काचेच्या केसचा फोटो टाकतं. आत चमकणारा पंप, दोन जाड नळ्या, वर ओळीनं तीन पंखे. मग तुमच्या यादीत गुपचूप एक ओळ वाढते: ३६० एमएमचा लिक्विड कूलर. घरून मिळालेलं बजेट तर तेवढंच असतं. म्हणजे हे आठ-दहा हजार कुठून तरी कापायचे, आणि बहुतेक वेळा ते ग्राफिक्स कार्डातूनच कापले जातात. गेमिंग पीसी घ्यायचा आणि गेम ज्याच्यावर चालतो तोच पार्ट हलका घ्यायचा, याला काय म्हणायचं?

‘लिक्विड’ म्हटलं की गार पाणी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. माठामुळे असेल. पण माठातलं पाणी गार होतं, कारण त्यातलं थोडं पाणी पाझरून वाफ होऊन उडून जातं. पीसीतला लिक्विड कूलर बंदिस्त असतो, त्यातून काही उडत नाही. पंप आतलं द्रव फिरवतो, ते प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या पट्टीतून उष्णता उचलतं, रेडिएटरपर्यंत नेतं आणि तिथले पंखे ती उष्णता हवेत सोडतात. म्हणजे शेवटी काम हवाच करते.

गंमत म्हणजे एअर कूलरच्या पोटातही पाणी असतं. त्याच्या तांब्याच्या नळ्यांमध्ये अगदी थोडं पाणी कमी दाबाखाली बंद केलेलं असतं. प्रोसेसरच्या उष्णतेनं त्याची वाफ होते, वर पातळ पत्र्यांपाशी जाऊन ती थंड होते आणि पुन्हा पाणी होऊन खाली येते. हे सगळं पंपाशिवाय चालतं. हलणारा भाग फक्त पंखा.

आता आपल्याकडच्या उन्हाळ्याचा हिशोब करा. समजा, एखादा कूलर तुमच्या प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा ४५ अंश वर ठेवतो. पुण्यात डिसेंबरमध्ये खोली २२ अंशांवर, तर प्रोसेसर ६७ वर. नागपुरात मे महिन्यात, गच्चीखालच्या खोलीत ४० अंश असतील, तर तोच प्रोसेसर ८५ वर. कूलर हवेचा असो की पाण्याचा, हा हिशोब चुकत नाही. खोलीपेक्षा गार दोघंही करू शकत नाहीत. मोठा रेडिएटर त्या ४५ चे थोडे कमी करेल, एवढंच. आणि व्हिडिओत पहिल्या दहा मिनिटांचे आकडे बघून हुरळून जाऊ नका. पाणी तापायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीला लिक्विड कूलर फारच भारी वाटतो. तासभर खेळल्यानंतरचा आकडा बघा.

बरं, ८५ अंश म्हणजे घाबरण्यासारखं आहे का? नाही. रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालतील अशा बेतानंच बनवलेत. मर्यादा गाठली की चिप स्वतःच वेग कमी करते आणि तेव्हाच तुमचे एफपीएस पडतात. मर्यादेच्या खाली ७० असो की ८०, गेमला जवळजवळ फरक पडत नाही.

मुळात प्रोसेसर किती उष्णता टाकतो, ते बघा. रायझन ५ ७६०० चं रेटिंग ६५ वॅटचं, आणि डब्यात छोटा एअर कूलर फुकट येतो. तो थोडा आवाज करतो, म्हणून दोन-अडीच हजारांत चार हीट पाइपचा कूलर घेतलात तर काम झालं. रायझन ७ ७८००एक्स३डी कागदावर १२० वॅटचा, पण गेम खेळताना त्याहून बरीच कमी वीज खातो. त्याला दोन टॉवरचा एअर कूलर आरामात सांभाळतो. कोअर आय९-१४९००के मात्र २५३ वॅटपर्यंत जातो. असा राक्षस घेऊन तासन् तास ब्लेंडरमध्ये रेंडर लावणार असाल, तर ३६० चा लिक्विड कूलर जरूर घ्या. केस इतका लहान असेल की उंच टॉवर मावतच नाही, तरीही घ्या. आणि निव्वळ दिसायला आवडतो म्हणून घ्यायचा असेल, पैसेही असतील, तर तेही कारण चालेल. फक्त घरी ते ‘परफॉर्मन्ससाठी’ म्हणून सांगू नका.

ग्राफिक्स कार्ड तर या चर्चेतून बाहेरच राहतं. प्रोसेसरचा कूलर त्याला थंड करत नाही, त्याचे पंखे वेगळे असतात. उलट रेडिएटर समोर लावून पंखे आत फुंकत असतील, तर प्रोसेसरची गरम हवा थेट कार्डावर येते. त्यापेक्षा समोर जाळी असलेला केस घ्या. समोर बंद काच असलेला केस सुंदर दिसतो आणि आत भट्टी करतो.

होस्टेलवर राहणाऱ्यांनी आणखी एक विचार करावा. एअर कूलरचा पंखा गेला, तर काहीशे रुपयांत दुसरा बसतो, तुम्ही स्वतः बसवू शकता. पंप गेला, तर सहसा अख्खा कूलरच बदलावा लागतो. वॉरंटी असते, पण पार्ट पाठवून नवा येईपर्यंत पीसी बंद. सबमिशनच्या आठवड्यात हे परवडेल का? शिवाय नळ्यांमधून वर्षानुवर्षं थोडं थोडं द्रव कमी होत जातं, ते वेगळंच. एअर कूलरचा शत्रू एकच, धूळ. महिन्या-दोन महिन्यांनी पीसी बंद करून ब्रश फिरवा. त्याचं वजन मात्र मदरबोर्डवर लटकलेलं असतं, त्यामुळे सुट्टीत पीसी एसटीनं घरी नेणार असाल, तर मोठा टॉवर काढून ठेवा.

लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन मागवा, आधी केसच्या माहितीत ‘कूलरची कमाल उंची’ शोधा. चांगले टॉवर १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतात, आणि पाच मिलिमीटरसाठी काच लागत नाही. रॅमच्या शोभेच्या पट्ट्या उंच असतील, तर पुढचा पंखा त्यांना अडतो, तेही मोजा. घरी बसवताना कूलरच्या तळाला चिकटवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म काढा, मग वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट लावा. फिल्म तशीच ठेवून ‘तापमान एवढं का वाढतंय’ विचारणारे प्रत्येक बॅचमध्ये एक-दोन सापडतातच.